आत्याचा संगणक आणि केबलची तार

ज्या वस्तूच्या नावातच ‘मोड’ आहे ती घरात आणताना माणूस जरा बिचकतो, यात त्याचा दोष नाही. वास्तविक ‘मोडेम’ या शब्दाचा मोडतोडीशी काडीइतकाही संबंध नाही. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डिमॉड्युलेटर’ या दोन लांबलचक इंग्रजी शब्दांची नुसती डोकी घेऊन केलेला हा जोडशब्द. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोन आकड्यांची. ती तारेतून धावणाऱ्या लहरींवर चढवायची आणि पलीकडून आलेल्या लहरींवरून पुन्हा उतरवून घ्यायची, एवढेच याचे काम. चढवणारा आणि उतरवणारा; म्हणजे रोखठोक मराठीत हमालच म्हणायचा. आणि हमाल पोत्यात गहू आहे की ज्वारी, हे कधी विचारीत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा शब्द ‘लिनक्स’. हाही ऐकायला परका. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्डस नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, आपण छंद म्हणून संगणक चालवणारी एक प्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर केले. त्याआधी १९८३ सालीच अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, कोणालाही वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला होता. त्या संकल्पातली अवजारे आणि या पोराचा गाभा एकत्र आले आणि आज आपण जिला सरसकट लिनक्स म्हणतो ती वस्तू तयार झाली. जगातल्या सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तिच्यातले सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे.

असे असूनही ‘मोडेम’ आणि ‘लिनक्स’ हे दोन शब्द एका वाक्यात आले, की शहाणीसुरती माणसे “छे, ते आपल्याकडे चालत नाही” म्हणून मोकळी होतात. माझ्या आत्याच्या घरी हे वाक्य मी एकाच आठवड्यात तीन निरनिराळ्या तोंडून ऐकले.

माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शाळेत गणित शिकवण्यात तिची हयात गेली. नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. डोळे अधू झाल्यापासून मोबाइलवरची अक्षरे तिला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून २०१४ साली तिने टेबलावर ठेवायचा संगणक आणि चांगला बावीस इंची पडदा घेतला. दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ती या पडद्यासमोर बसून अमरावतीला असलेल्या आपल्या नातीला आणि नातीच्या एका मैत्रिणीला बीजगणित आणि भूमिती शिकवते. दोघी दहावीला. मैत्रिणीच्या वडिलांची भाजीची गाडी आहे आणि शिकवणीला घालायला त्यांच्यापाशी पैसे नाहीत. आत्या नातीपेक्षा या मुलीबद्दलच जास्त बोलते. “हिला गणित सुचतं गं,” एवढेच म्हणते. पण आमच्या घराण्यात यापेक्षा मोठी पदवी कोणी कोणाला दिलेली नाही.

तर झाले असे, की विंडोज १० या प्रणालीची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढच्या प्रणालीला जो प्रोसेसर आणि जी सुरक्षेची चकती लागते ती आत्याच्या यंत्रात नव्हती. याच सुमारास तिच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून येणारे इंटरनेटही कायमचे बंद पडले. दुकानदाराने संगणकाकडे, वैद्याने मरणासन्न माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि “चाळीस हजारांत नवीन होईल” असे सांगितले. आत्याने पेन्शनचे पासबुक काढून पाहिले आणि परत ठेवले. सहामाही परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागातले दोन संगणक बरीच वर्षे लिनक्सवर चालतात. विभागाला पैसे मिळत नाहीत, हे त्यामागचे तात्त्विक कारण. तेव्हा मी आत्याला म्हटले, “टाकू नकोस. मी शनिवारी येते.”

लिनक्सचे एक सौजन्य मला फार आवडते. त्याला घरात घेण्यापूर्वी त्याची परीक्षा पाहता येते. प्रणाली एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, आणि आतल्या जुन्या सामानाला बोटही न लावता सगळे चालते की नाही ते पाहायचे. पडदा दिसतो का, आवाज येतो का, कॅमेरा उघडतो का. मुलगी दाखवायचा कार्यक्रमच म्हणा ना. फरक एवढाच, की इथे नकार दिला तर कोणाचे मन दुखावत नाही. आम्ही ‘लिनक्स मिंट’ हा प्रकार निवडला. त्याच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत डागडुजी मिळायची आहे आणि चार गिगाबाइट स्मरणशक्तीच्या जुन्या यंत्रावर तो तक्रार न करता चालतो. आत्याच्या वह्या, छायाचित्रे, प्रश्नपत्रिका आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि मग तासाभरात मिंट कायमचा नांदायला आला. पडद्यावरच्या सूचना मराठीत दिसू लागल्या तेव्हा आत्याने त्यातली एक ऱ्हस्वाची चूक काढली. म्हणजे सारे सुरळीत होते.

प्रश्न उरला तारेचा. पेठेतल्या त्या इमारतीत काचतंतूची नवी तार यायची, तर अंगण खणावे लागणार; आणि अंगण कोणाचे, यावर तळमजल्याचे दोन बिऱ्हाडकरू बोलत नाहीत. तेव्हा टीव्हीची जुनी काळी केबलच काय ती हाताशी होती.

या काळ्या तारेची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओरेगॉन अशा डोंगराळ मुलखातल्या गावांना टीव्हीच्या लहरी मिळत नव्हत्या. मग उंचावर एक मोठा अँटेना उभारून तिथून घरोघर तार ओढण्याची युक्ती निघाली. आपल्याकडे १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्चीवरच्या तबकड्यांमधून गल्लीगल्लीत हीच तार फिरली. मधोमध तांब्याची काडी, तिच्याभोवती पांढरे रोधक, त्यावर धातूची जाळी आणि वरून काळी कातडी. या तारेत अनेक वाहिन्यांच्या लहरी एकमेकींना धक्का न लावता शेजारी शेजारी चालतात. त्यांतलाच टीव्हीच्या एका वाहिनीएवढा पट्टा मोकळा करून तिथे संगणकाची माहिती सोडली, की झाले केबल इंटरनेट. सहा मेगाहर्ट्‌झच्या अशा एका पट्ट्यातून सेकंदाला चाळीस मेगाबिटांच्या आसपास माहिती येते.

पण टीव्ही ऐकवणारा आहे, ऐकणारा नाही. ही तार मुळात एकमार्गी होती. उलट जाणाऱ्या माहितीसाठी टीव्हीच्या खालची, हलक्या कंपनांची एक अरुंद वाट राखून ठेवावी लागली, आणि त्या वाटेवर अख्ख्या गल्लीतली घरे. सगळी एकदम बोलली तर गोंधळ. म्हणून केबलवाल्याच्या केंद्रातले यंत्र वर्गशिक्षकाचे काम करते. मोडेम सुरू झाला की तो आधी केंद्राचा आवाज शोधतो. मग हळूच ‘हजर’ म्हणतो. केंद्र म्हणते, ‘ऐकू येत नाही, मोठ्याने.’ तो आवाज चढवतो. ‘आता फार झाले.’ तो उतरवतो. असा आवाज आणि वेळ जुळली, की त्याला बोलण्याची पाळी नेमून दिली जाते. मोडेमवरचे दिवे एकामागून एक लुकलुकतात आणि स्थिर होतात ते याचसाठी. या संभाषणाचे सर्वांना समान असे व्याकरण १९९७ साली ठरले. ‘डॉक्सिस’ हे त्याचे नाव. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा मोडेम फक्त आपल्याच केंद्राशी बोलायचा.

या साऱ्या व्यवहारात संगणक कुठे आला? कुठेच नाही. मोडेम आणि केंद्र यांचे बोलणे संगणक बंद असला तरी चालू असते. संगणकाचा संबंध मोडेमच्या पाठीवरच्या एका चौकोनी भोकाशी. टेलिफोनच्या पिनेपेक्षा थोडी रुंद, आठ तारांची पिन त्यात ‘टक्’ करून बसते. तिच्यातून जे चालते त्याला इथरनेट म्हणतात, आणि इथरनेट १९७३ पासूनचे आहे, म्हणजे विंडोज आणि लिनक्स या दोघांपेक्षाही वयाने वडील. काही मोडेमांना यूएसबीचेही तोंड असते. त्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिथे खास कारखान्याचा प्रोग्राम लागतो आणि तो बहुधा विंडोजपुरताच लिहिलेला असतो. लिनक्सला मोडेम चालत नाही ही जी लोकवार्ता आहे, तिचे एक मूळ या तोंडात असावे असा माझा तर्क आहे.

सोमवारी केबलवाल्याकडचा मुलगा मोडेम घेऊन आला. चटपटीत, कामाला स्वच्छ. काळ्या तारेचे टोक सोलून त्याने पिन चढवली, मोडेम लावला, आणि आपल्या पिशवीतला लॅपटॉप जोडून पाहिला. इंटरनेट धडाधडा चालले. मग तीच तार काढून त्याने आत्याच्या संगणकाला लावली. काही नाही. पुन्हा लावली. काही नाही. त्याने पडद्याकडे नीट पाहिले.

“मॅडम, हे विंडोज नाही?”

“लिनक्स आहे.”

“मग नाही चालणार. आमच्या लाइनवर लिनक्स चालत नाही. आजी, तुम्ही नवीन घेऊन टाका.” त्याने कार्यालयात फोन लावला. तिकडूनही तेच उत्तर आले. दुकानदार, हा मुलगा आणि हा फोन, मिळून तीन तोंडे झाली.

आत्या शांतपणे म्हणाली, “बाळ, तुझ्या यंत्रावर चाललं ना? मग तार बरोबर, मोडेम बरोबर, तुमचं खातंही बरोबर. उरलं काय?”

मुलगा म्हणाला, “उरला तुमचा कॉम्प्युटर, आजी.”

“तो सिद्ध करायचा आहे,” आत्या म्हणाली. मुलाला दुसऱ्या घरी जायचे होते. तो मोडेम ठेवून गेला.

आम्ही दोघी बसलो. संगणकाच्या पाठीमागे, जिथे पिन बसते तिथे, हिरवा दिवा लागला होता. म्हणजे दोन्हीकडची यंत्रे एकमेकांना ओळखत होती. मी काळ्या खिडकीत ‘आयपी लिंक’ एवढी आज्ञा दिली. उत्तरात ‘ईएनपी३एस०’ असे एक विचित्र नाव आले आणि त्यापुढे ती वाट उघडी असल्याचे लिहिले होते. पूर्वी लिनक्स या वाटांना नुसते क्रमांक द्यायचा. जो आधी जागा होईल तो शून्य, नंतरचा एक. त्यामुळे आजचा शून्य उद्या एक व्हायचा. २०१३ पासून जागेवरून नाव ठेवण्याची पद्धत आली: तिसरी गल्ली, शून्यावे घर. एकंदरीत, संगणकाने आपले इथरनेट न सांगता ओळखले होते. वेगळी सीडी नाही, काही नाही.

मग अडले होते पत्त्यापाशी. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो आणि तो केबलवाल्याच्या केंद्राकडून उसना मिळतो. या उसनवारीचे चार टप्पे आहेत. त्यांची इंग्रजी नावे बाजूला ठेवून मी त्यांना पुकारा, देकार, मागणी आणि पोच म्हणते. संगणक पुकारतो, ‘कोणी पत्ता देता का?’ केंद्र देकार देते, ‘हा घ्या.’ संगणक म्हणतो, ‘हाच द्या.’ केंद्र पोच देते. लिनक्स या सगळ्याची रोजनिशी लिहीत असतो, ही त्याची आणखी एक चांगली सवय. रोजनिशी उघडली. पुकारा. पुकारा. पुकारा. देकाराचे नाव नाही.

“म्हणजे आपला माणूस दारात उभा राहून हाका मारतो आहे,” आत्या म्हणाली, “आणि आत माणसं असून कोणी ओ देत नाही. भांडण आहे का?”

भांडण नव्हते, ओळख होती. प्रत्येक इथरनेटच्या तोंडाला कारखान्यातूनच अठ्ठेचाळीस बिटांचा एक ओळखक्रमांक मिळालेला असतो. दोनाचा अठ्ठेचाळिसावा घात म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. एवढे क्रमांक शक्य आहेत. घरगुती केबल मोडेम बहुधा एकाच पाहुण्याला आत घेतो, आणि सुरू झाल्यावर जो ओळखक्रमांक पहिल्यांदा दिसेल तोच तो पाहुणा, असे मनाशी धरून बसतो. मुलाने आधी आपला लॅपटॉप लावला होता. मोडेमच्या लेखी घरधनी तोच. आत्याचा संगणक हा आगंतुक. त्यावर विंडोज असते तरी मोडेमने असेच मौन पाळले असते.

उपाय वेडगळ वाटावा इतका साधा. मोडेमची वीज काढायची. ज्या मोडेमात बॅटरी असेल तिची बॅटरीही. दोन-चार मिनिटे थांबायचे. इथरनेटची तार आता ज्याला कायम लावायची त्याच संगणकाला लावायची आणि मग वीज द्यायची. आम्ही चहा केला. चहा घेऊन वीज दिली. पहिला दिवा लुकलुकला, स्थिर झाला. दुसरा. तिसऱ्याला जरा वेळ लागला. मग रोजनिशीत ओळी उमटल्या: पुकारा, देकार, मागणी, पोच. चारी. आत्याने चष्मा पुसला.

ज्यांच्या केबलवाल्याकडे ओळखक्रमांक कार्यालयातच नोंदवलेला असतो, त्यांना एक फोन करून नवा क्रमांक कळवावा लागेल. काही ठिकाणी पत्ता मिळूनही पहिले पान नाव आणि परवलीचा शब्द विचारते. ते कोणत्याही ब्राउझरमध्ये भरता येते. आणि एखाद्या वेळी आकड्यांनी पत्ता पोचतो पण नावाने पोचत नाही. तेव्हा नावांचे आकडे करून देणारा कारकून बदलावा लागतो, म्हणजे संगणकाच्या जोडणीच्या खिडकीत दुसऱ्या डीएनएसचे आकडे लिहायचे. आम्हाला यातले काही करावे लागले नाही. मिंटची संरक्षक भिंत मात्र मुळात बंद असते, ती मी चालू केली. मोडेमला थेट जोडलेला संगणक म्हणजे रस्त्यावर दार उघडणारे घर; कडी असलेली बरी.

एवढ्यावर भागले असे वाटले. पण त्या संध्याकाळच्या वर्गात नातीचा चेहरा मधूनच थिजायचा आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. दुसऱ्या दिवशी मी मोडेमचे स्वतःचे पान उघडले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता दिला, की बहुतेक केबल मोडेम आपली प्रकृती स्वतः सांगतात. बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही सांगतात. तिथे येणाऱ्या लहरींचे बळ उणे चौदा लिहिले होते. शून्याच्या आसपास, सातआठ इकडे-तिकडे असावे. उणे पंधरा ही जवळपास शेवटची पायरी. जाणाऱ्या लहरींचा आकडा बावन्न होता, म्हणजे मोडेम घसा ताणून ओरडत होता.

तार कुठून येते ते आम्ही भिंतीच्या कडेने पाहत गेलो. कोठीच्या खोलीत, फळीमागे, एक पत्र्याची डबी सापडली. आत्याचे यजमान असताना घरात तीन खोल्यांत तीन टीव्ही होते. त्या काळी लावलेला तीन वाटांचा स्प्लिटर. दोन वाटा केव्हाच्या बंद होत्या, पण लहरींची वाटणी मात्र तो इमानाने तीन ठिकाणी करीत होता. आता टीव्ही एकही उरला नव्हता. ती डबी काढली, दोन टोके सरळ जोडून घट्ट केली. उणे चौदाचे उणे सात झाले आणि बावन्नाचे पंचेचाळीस.

“सातच तर वाढले,” मी म्हटले.

“हे डेसिबल आहेत ना?” आत्याने विचारले. “डेसिबल म्हणजे लॉग. दहाने भाग. शून्य पूर्णांक सात. पाचाचा लॉग किती?” मी मराठीची एम. ए. मी गप्प. “शून्य पूर्णांक सहा नऊ नऊ शून्य. पाचपट झालं गं ते, पाचपट!” चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेला कोठा तिच्या जिभेवर होता.

महिनाअखेरीस केबलचा मुलगा पैसे न्यायला आला. संगणक चालू पाहून तो दारातच थबकला. आत्याने त्याला सारे समजावून सांगितले, पाण्याचा पेला दिला आणि विचारले, “तुझ्या फोनमध्ये काय आहे रे?”

“अँड्रॉइड, आजी.”

“मग लिनक्स तुझ्या खिशातच आहे की.” त्याने खिसा चाचपला. दोन वाक्यांनंतर त्याने वही काढली आणि ‘आधी मोडेम बंद, मग गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर, मग चालू’ असे लिहून घेतले. पुढच्या गल्लीत म्हणे एक निवृत्त ग्रंथपाल होते, त्यांनाही त्याने नवीन घ्यायला सांगितले होते. “आत्ताच जाऊन येतो,” म्हणाला आणि पावती द्यायची विसरून जिना उतरला.

गुरुवारच्या वर्गाला मी हजर होते. भाजीवाल्याची मुलगी पडद्यावर आली आणि म्हणाली, “आजी, आज तुम्ही अगदी समोर बसल्यासारख्या दिसता.”

“माझं दिसणं राहू दे,” आत्या म्हणाली. “पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता सांग. समरूप त्रिकोणांपासून सुरू कर. कोणता त्रिकोण कोणाशी समरूप?”